डायलिसिसच्या रुग्णाचा हात सांभाळा, जीव सांभाळा

धुणीभांडी करून घर चालवणाऱ्या एका ताईंची ही गोष्ट. वय ४५. रक्तदाबाची गोळी दहा वर्षांपासून चालू, पण कधी घेतली, कधी राहिली. पायांवर सूज येई. ‘दिवसभर उभ्यानं काम असतं, सूज येणारच,’ असे म्हणून ती सोडून दिलेली. पुढे जेवण जाईना, मळमळ होऊ लागली, तेव्हा ‘पित्त वाढलंय’ असे ठरले. मग एका रात्री आडवे झाले की दम लागू लागला. भिंतीला टेकून बसल्या तरी श्वास पुरेना. मुलाने रिक्षात घालून दवाखान्यात नेले. रक्त तपासले तर क्रिएटिनिन १२. डॉक्टर म्हणाले, “दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. आत्ताच डायलिसिस करावं लागेल.” त्याच रात्री ताईंच्या मानेत नळी घातली आणि त्या नळीवर यंत्र सुरू झाले.

ताई वाचल्या. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी सांगितले, “मानेतली नळी फार दिवस ठेवायची नसते. डाव्या हाताचा फिस्टुला करून घ्या.” ताईंनी साफ नकार दिला. “हाताची नस कापली आणि हात गेला, तर भांडी कोण घासणार?” शेजारणीनेही दुजोरा दिला, “नळीवर नीट चाललंय ना? मग कशाला चिरफाड?” तीन महिने गेले. एके दिवशी डायलिसिस चालू असतानाच ताईंना हुडहुडी भरली, ताप चढला. नळीच्या वाटेने जंतू रक्तात गेले होते. पुन्हा भरती, पंधरा दिवस इंजेक्शने, जुनी नळी काढून दुसरी घातलेली. घरी आल्यावर ताई स्वतःच मुलाला म्हणाल्या, “डॉक्टरला विचार, ते हाताचं ऑपरेशन कधी करणार?”

असे घर आपल्या प्रत्येक वस्तीत सापडेल. कुठे ताईंच्या जागी वडील असतात, कुठे तरणा मुलगा. डायलिसिसबद्दल आपण बरेच बोलतो : यंत्र कुठे आहे, पैसे किती लागतात, आठवड्यातून किती वेळा जावे लागते. पण यंत्रापर्यंत रक्त नेणाऱ्या वाटेबद्दल कोणी बोलत नाही. रुग्ण किती वर्षे आणि किती सुखाने जगणार, हे पुष्कळसे त्या वाटेवर ठरते. म्हणून या वेळी तिच्याविषयी.

साध्या नसेवर डायलिसिस का होत नाही?

मूत्रपिंड म्हणजे किडनी हे रक्त गाळण्याचे काम रात्रंदिवस करते. दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्या की शरीरातील घाण आणि जादा पाणी बाहेर पडत नाही. मग रक्त शरीराबाहेर काढून, यंत्राच्या गाळणीतून फिरवून, पुन्हा शरीरात सोडावे लागते. हेच डायलिसिस. साधारण चार तास, आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा.

यंत्राला रक्त हवे असते ते मिनिटाला पाव लिटर किंवा त्याहून जास्त. चार तासांचा हिशेब केला तर ६० लिटर. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असते सुमारे ५ लिटर. म्हणजे अंगातील सगळे रक्त एका बैठकीत दहा-बारा वेळा गाळणीतून जाते. सलाइन लावतो त्या नसेतून एवढे रक्त एवढ्या वेगाने निघूच शकत नाही.

आपण सगळ्यांनाच ‘नस’ म्हणतो, पण नसा दोन प्रकारच्या असतात. हृदयाकडून जोराने रक्त आणते ती रोहिणी. तिच्यात नाडी लागते, पण ती खोल असते आणि तिला वारंवार सुई टोचणे धोक्याचे असते. रक्त परत हृदयाकडे नेते ती शीर. हातावर हिरवट-निळ्या दिसतात त्या शिरा. त्या वरच्यावर असतात, टोचायला सोप्या असतात, पण त्यांच्यात जोर नसतो.

वस्तीतल्या पाण्याचे उदाहरण घ्या. रस्त्याखालून जाणाऱ्या मोठ्या लाइनला प्रेशर असते, पण तिथे हंडा लावता येत नाही. गल्लीतल्या नळाला हंडा लावता येतो, पण धार करंगळीएवढी. मोठ्या लाइनचा जोड गल्लीच्या नळाला दिला तर? धार जोरात येईल आणि हंडाही लावता येईल. फिस्टुला म्हणजे हाच जोड. हाताची रोहिणी आणि तिच्या शेजारची शीर शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडतात. रोहिणीतील जोराचे रक्त शिरेत येते. त्या जोराने शीर हळूहळू रुंद आणि जाड होते. मग तिच्यात दोन सुया घालता येतात. एका सुईतून रक्त यंत्राकडे जाते, दुसरीतून गाळलेले रक्त परत येते.

यंत्र आले, पण वाट नव्हती

ही वाट माणसाला सहज सापडलेली नाही. नेदरलँड्समध्ये डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली दुसऱ्या महायुद्धाच्या काळात माणसासाठी डायलिसिसचे यंत्र वापरले. पण तेव्हा प्रत्येक वेळी रक्तवाहिनी उघडून नळी घालावी लागे. काही वेळा डायलिसिस झाले की नळी घालायला जागाच उरत नसे. त्यामुळे थोड्या दिवसांत किडनी पुन्हा सुरू होणार असेल, अशाच रुग्णाला यंत्राचा उपयोग होई. किडनी कायमची गेलेल्या माणसाला वाचवायला यंत्र होते, पण वाट नव्हती.

१९६० साली अमेरिकेत सिअॅटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हाताच्या रोहिणीत आणि शिरेत टेफ्लॉनच्या नळ्या कायमच्या बसवून बाहेरून जोडल्या. त्यांचा पहिला रुग्ण त्यानंतर अकरा वर्षे जगला. तरी अंगाबाहेर राहणाऱ्या नळ्यांत जंतू शिरत, रक्ताच्या गुठळ्या होत. मग न्यूयॉर्कमधील डॉ. जेम्स चिमिनो, डॉ. मायकेल ब्रेशिया आणि शल्यचिकित्सक डॉ. केनेथ अॅपेल यांनी नळी न वापरता रुग्णाच्या स्वतःच्याच दोन रक्तवाहिन्या मनगटाजवळ जोडल्या. १९६६ साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. आज आपल्याकडे जो फिस्टुला करतात तो मुळात तोच. इतक्या वर्षांत यंत्रे कितीतरी बदलली, पण हा जोड अजून बहुतेक रुग्णांसाठी पहिली पसंती आहे.

तीन वाटा

पहिली वाट मानेतली नळी. तातडीने डायलिसिस लागले तर हीच वाट असते, कारण ती लगेच वापरता येते. कधी ती जांघेतही घालतात. पण ही पाहुणी नळी आहे. थोडे दिवस राहावे आणि जावे. महिनोन्महिने नळी ठेवायचीच असेल, तर कातडीखालून नेऊन छातीवर बाहेर काढलेली दुसऱ्या प्रकारची नळी बसवतात. तिला ‘परमकॅथ’ म्हणतात. पहिलीपेक्षा ती बरी, पण तिचेही एक टोक बाहेर आणि दुसरे हृदयाजवळ. बाहेरचा जंतू आत शिरला तर थेट रक्तात जातो आणि हृदयाच्या झडपांपर्यंत पोहोचू शकतो. शिवाय नळी बरेच दिवस राहिली तर छातीतील मोठी शीर आतून आकसू शकते. मग त्या बाजूच्या हाताला सूज येते आणि पुढे तिथे फिस्टुला करणे अवघड होते. म्हणजे नळीवर काढलेला प्रत्येक जादा महिना पुढची वाटही अरुंद करतो.

दुसरी वाट फिस्टुला. स्वतःच्याच रक्तवाहिन्यांचा जोड, अंगाबाहेर काहीही नाही. जंतूंचा धोका सर्वांत कमी. चांगला सांभाळला तर वर्षानुवर्षे चालतो. उणीव एकच : केल्याबरोबर वापरता येत नाही. शीर तयार व्हायला सहसा सहा ते आठ आठवडे लागतात, कधी तीन महिने. सगळेच फिस्टुले तयार होतात असेही नाही. पहिला जमला नाही तर कोपराजवळ किंवा दुसऱ्या हाताला पुन्हा करावा लागतो. म्हणूनच घाई आधी करायची असते.

तिसरी वाट ग्राफ्ट. ज्यांच्या शिरा फार बारीक आहेत किंवा खराब झाल्या आहेत, त्यांच्या हातात रोहिणी आणि शीर यांच्यामध्ये कृत्रिम नळी कातडीखाली बसवतात. ती साधारण दोन-तीन आठवड्यांत वापरता येते. पण फिस्टुलापेक्षा तिच्यात गुठळी आणि जंतू यांचा त्रास जास्त.

काही रुग्णांना पोटातून होणारे डायलिसिस चालते. त्याला हाताची वाट लागत नाही. किडनी बदलणे हाही मार्ग आहे. आपल्याला कोणता योग्य, हे किडनीच्या डॉक्टरांना जरूर विचारा. पण यंत्रावर राहायचे असेल, तर हाताचा विचार पहिल्या दिवसापासून करावा लागतो.

उशीर कुठे होतो?

ताईंच्या बाबतीत उशीर त्या रात्री झालेला नव्हता. तो दहा वर्षे होत होता. बहुतेकांची किडनी एका दिवसात जात नाही. मधुमेह आणि रक्तदाब तिला वर्षानुवर्षे पोखरत असतात. लघवीत प्रथिने जाऊ लागतात, क्रिएटिनिन हळूहळू वाढते. त्या काळात दुखत काहीच नाही. म्हणून ज्यांना साखर किंवा रक्तदाब आहे त्यांनी वर्षातून एकदा तरी लघवीची आणि क्रिएटिनिनची तपासणी करून घ्यावी. किडनी कमी काम करते असे कळले, की किडनीच्या डॉक्टरांना दाखवावे. डायलिसिस काही महिन्यांवर आले आहे असे डॉक्टरांना दिसू लागते, तीच फिस्टुला करण्याची वेळ. तेव्हा केला तर गरज पडेल त्या दिवशी हात तयार असतो आणि मानेत नळी घालावीच लागत नाही.

आपल्याकडे तेव्हाच माणूस म्हणतो, “अजून लघवी होतेय, चालता-फिरता आहे, मग आताच कशाला?” डायलिसिस नको असते म्हणून फिस्टुलाही नको असतो. पण फिस्टुला केल्याने डायलिसिस लवकर लागत नाही. डायलिसिस कधी लागणार हे किडनी ठरवते. फिस्टुला फक्त त्या दिवसाची तयारी करून ठेवतो. पाऊस येणार हे दिसत असताना पत्र्यावर ताडपत्री टाकतो, तसेच हे.

आणखी एक नुकसान आपण आपल्या हाताने करतो. अशक्तपणा वाटला की गल्लीतल्या डॉक्टरकडे जाऊन, “एक बाटली लावा,” म्हणतो. सलाइन चढली की ताकद आली असे वाटते. खरे तर त्या बाटलीत बहुतेक पाणी, मीठ किंवा साखरच असते. किडनी कमजोर असलेल्याच्या अंगात ते पाणी साठते, सूज आणि दम वाढतो. आणि दर वेळी हाताची एक शीर टोचून खराब होते. ज्या शिरेचा उद्या फिस्टुला व्हायचा, ती आज बाटलीसाठी वाया जाते. अंगदुखीच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत. त्यांतील बऱ्याच गोळ्या किडनीला आणखी मारतात.

म्हणून ज्यांची किडनी कमजोर आहे त्यांनी आजपासून एक नियम पाळावा. ज्या हाताने आपण कमी काम करतो तो हात, म्हणजे उजव्या हाताने काम करणाऱ्याचा डावा हात, राखून ठेवायचा. रक्त काढायचे झाले तर, “पंजाच्या मागच्या बाजूने घ्या,” असे सांगायचे. दवाखान्यात भरती झालात तर नर्सना स्वतःहून सांगा, “माझी किडनी कमजोर आहे, या हाताला सुई लावू नका.” असे सांगणे म्हणजे आगाऊपणा नव्हे. तो आपला हात आहे, त्याची काळजी आपणच बोलून दाखवली पाहिजे.

“हात गेला तर?”

ताईंची भीती खोटी नव्हती. ज्याचे पोट हातावर आहे, त्याला हातावर शस्त्रक्रिया म्हटले की धडकी भरणारच. म्हणून नेमके काय होते ते समजून घेऊ.

आधी हाताच्या नसांची सोनोग्राफी करतात. तिला डॉपलर म्हणतात. रोहिणी आणि शीर पुरेशा रुंद आहेत का, हे तीत कळते. शस्त्रक्रियेच्या वेळी सहसा पूर्ण भूल देत नाहीत, तेवढाच भाग बधिर करतात. रुग्ण जागा असतो. मनगटाजवळ किंवा कोपराजवळ छोटा छेद घेतात. काम एक-दोन तासांचे. बहुतेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात.

पंजाला रक्त पुरवायला दुसरीही रोहिणी असते, म्हणून बहुतेकांचा हात पहिल्यासारखा काम करतो. भांडी घासता येतात, भाकरी थापता येते, शिलाई मशीन चालवता येते. बंधन असते ते जड ओझ्याचे. पाण्याचा हंडा, सिमेंटची गोणी, भाजीची पाटी त्या हातावर पेलायची नाही. हंडा दुसऱ्या हाताने उचला, किंवा घरातल्या दुसऱ्याने भरावा. घरातल्या बाईला फिस्टुला झाला असेल, तर पहाटेच्या पाण्याच्या रांगेत आता मुलग्याने आणि नवऱ्याने उभे राहायचे, हे घरात त्याच दिवशी ठरवून टाका.

थोड्या रुग्णांना, विशेषतः मधुमेह असलेल्यांना, पंजाकडे रक्त कमी पडते. हात थंड पडतो, बोटे बधिर किंवा पांढरट होतात, दुखतात. असे झाले तर अंगावर काढू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. त्यावर उपाय करता येतो. वेळ घालवला तर मात्र बोटांना इजा होऊ शकते.

टाके सुकल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हापासून मऊ चेंडू मुठीत दाबण्याचा व्यायाम सुरू करायचा. दिवसातून तीन-चार वेळा, थोडा थोडा वेळ. लहान मुलांचा रबरी चेंडू पुरतो, त्यासाठी काही विकत आणायला नको.

रोज सकाळी : पाहा, हात लावा, ऐका

फिस्टुला जिवंत आहे की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. रोज सकाळी तोंड धुतले की तीन गोष्टी करायच्या.

पाहा : जोडाच्या जागी लाली, सूज, पू, नवा फुगवटा आहे का? सुईच्या जागेची खपली ओली तर नाही?

हात लावा : दुसऱ्या हाताची बोटे जोडावर अलगद ठेवा. मांडीवर बसलेल्या मांजराची घुरघुर हाताला लागते तशी थरथर लागली पाहिजे. डायलिसिसच्या खोलीत तिला ‘थ्रिल’ म्हणतात.

ऐका : हात कानाशी धरला की आतून वाहत्या पाण्यासारखा ‘सूं-सूं’ आवाज येतो.

थरथर लागली नाही, आवाज आला नाही, म्हणजे आत गुठळी होऊन वाट बंद पडली असण्याची शक्यता आहे. पुढच्या डायलिसिसच्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. लवकर पोहोचले तर बंद पडलेली वाट बरेचदा उघडता येते. दोन-चार दिवस गेले की ती संधी हातातून जाते. ही तपासणी घरातल्या आणखी एकाला शिकवून ठेवा. दहा वर्षांच्या नातीलाही ती जमते.

त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधू द्यायचा नाही, रक्त काढू द्यायचे नाही, इंजेक्शन घ्यायचे नाही. घट्ट बांगड्या, कडे, घड्याळ, घट्ट बाहीचा ब्लाउज नको. तो हात डोक्याखाली घेऊन झोपू नका. डायलिसिसला बसण्याआधी हात साबणाने स्वच्छ धुवा. सुया दर वेळी एकाच भोकात घातल्या तर तिथली भिंत पातळ होऊन फुगा येतो. म्हणून टेक्निशियनला विनवा, “दादा, आज जरा जागा बदलून टोचा.” सुई काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे बोटाने दाबून धरा, पण थरथर थांबेल इतके दाबू नका. दर वेळी अर्धा-अर्धा तास रक्त थांबत नसेल, तर शीर कुठेतरी आकसली असेल. ते डॉक्टरांना सांगा. आकसलेली शीर फुग्याच्या नळीने रुंद करता येते.

आता जेवणाकडे वळू, कारण फिस्टुला ताटातूनही बंद पडतो. सुकट, बोंबील, लोणचे, पापड, फरसाण यांत मीठ फार. मीठ खाल्ले की तहान लागते, तहान लागली की पाणी प्यायले जाते, दोन डायलिसिसच्या मध्ये वजन तीन-चार किलोने वाढते. मग यंत्राला चार तासांत तेवढे पाणी ओढावे लागते. रक्तदाब एकदम खाली येतो, आणि रक्तदाब पडला की फिस्टुलातील धार मंदावून गुठळी होते. म्हणून पाण्याचा आणि मिठाचा जो हिशेब डॉक्टरांनी दिला आहे, तो फिस्टुला वाचवण्यासाठीही आहे.

ज्यांच्या मानेत किंवा छातीवर अजून नळी आहे, त्यांनी तिथली पट्टी कोरडी ठेवावी. डोक्यावरून पाणी घेऊ नये, अंग ओल्या फडक्याने पुसावे. नळीची टोपणे घरी उघडू नयेत, त्या नळीतून कोणालाही सलाइन किंवा इंजेक्शन देऊ देऊ नये. गळ्यातली माळ, पदराची पिन, लहान मुलाचा हात यांत नळी अडकते, ते जपावे. दीक्षाभूमीला किंवा चैत्यभूमीला जायचे असेल तर डायलिसिसचा वार चुकवून जाऊ नका, आणि नळी असेल तर गर्दीच्या रेटारेटीत शिरू नका. ताप किंवा थंडी वाजली, विशेषतः डायलिसिस चालू असताना किंवा त्यानंतर, तर ‘थंडीतापाची गोळी’ घेऊन झोपू नका. नळीतून जंतू गेल्याची ती खूण असू शकते. त्याच दिवशी दवाखाना.

रक्त सुरू झाले तर

क्वचित घडते, पण सर्वांना माहीत असावे. फिस्टुलाच्या जागेवरून घरी जोरात रक्त येऊ लागले तर घाबरून टॉवेलवर टॉवेल गुंडाळू नका. वरून गठ्ठा दिसतो आणि आतून रक्त वाहतच राहते. स्वच्छ फडक्याची लहान घडी करून रक्त येते त्याच जागेवर बोटांनी घट्ट दाबा. हात वर उचलून धरा. मध्येमध्ये उचलून ‘थांबलं का’ ते पाहू नका. दुसऱ्या माणसाने १०८ ला फोन करावा. मानेतली नळी निसटून आली तर रुग्णाला आडवे झोपवा, त्या जागेवर घट्ट दाबा आणि लगेच दवाखाना गाठा. फुगवट्यावरची कातडी पातळ, चकचकीत झाली असेल किंवा तिथली खपली भरत नसेल, तर रक्त येण्याआधीच डॉक्टरांना दाखवा.

पैशाचे काय?

२०१६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. त्यात जिल्हा रुग्णालयांतून गरीब रुग्णांना मोफत डायलिसिस देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतूनही डायलिसिस मिळते. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्याला भेटा. फक्त ‘डायलिसिस होईल का’ एवढेच विचारून परत येऊ नका. ‘फिस्टुलाचे ऑपरेशन योजनेत या रुग्णालयात होईल का, नाही तर कुठे होईल,’ हेही विचारा. त्याच्याकडून उत्तर मिळाले नाही तर योजनेचा १५५३८८ हा क्रमांक आहे.

डॉक्टरांना विचारण्याचे प्रश्नही कागदावर लिहून न्या. गर्दीत आपण विसरतो, आणि ‘साहेब रागावतील’ म्हणून बोलत नाही.

माझी किडनी किती टक्के काम करते?
मला डायलिसिस लागणार असेल तर फिस्टुला कधी करावा?
कोणत्या हाताला करणार? डॉपलर झाली का?
मानेतली नळी किती दिवस ठेवणार? ती काढण्याची तारीख काय?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. नळी घातली त्याच आठवड्यात तो विचारला पाहिजे.

ताईंचा फिस्टुला दोन महिन्यांनी वापरात आला. मानेतली नळी निघाली. आता त्या आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसला जातात आणि उरलेल्या दिवशी दोन घरची कामे करतात. हंडा मुलगा भरतो. डाव्या हातात बांगडी नाही, आणि कोणी विचारलेच तर त्या समोरच्याची बोटे धरून आपल्या मनगटावर ठेवतात. “लागतंय का? चालू आहे.” परवा शेजारणीच्या नवऱ्याचे क्रिएटिनिन वाढलेले निघाले. तीच शेजारीण, जिने ‘कशाला चिरफाड’ म्हटले होते. ताईंनी तिला आधी हात दाखवला, मग मानेवरचा नळीचा व्रण दाखवला आणि सांगितले, “माझ्यासारखं थांबू नको. भाऊजींना म्हणावं, डाव्या हाताला बाटली लावून घेऊ नका. आणि सोमवारी मी डायलिसिसला जाते, तेव्हा माझ्याबरोबर चला.”

आपल्या घरात, आपल्या गल्लीत कोणाला साखर किंवा रक्तदाब असेल, पायावर सूज असेल, तर आपणही हेच करू शकतो. तपासणीला सोबत जायचे आणि त्या माणसाचा एक हात सुईपासून राखायचा. त्याला पैसे पडत नाहीत, पण तो हात एखाद्याला पुढची दहा-पंधरा वर्षे जगवू शकतो.